खुब्याचा हिशेब

माझी माय पडली तो आठवडा मराठवाड्यात कुणी विसरलेले नाही. एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे १२ तारखेला लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, आणि ते बघायला जत्रेसारखी माणसे लोटली. मी तेव्हा लातूरला बँकेत होतो. दोन दिवसांनी नायगावहून थोरल्या भावाचा फोन आला. तिकडे रेल्वे नव्हती, टँकर होता. टँकर गल्लीत शिरला की ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन तो धावतो. माय ऐंशीची. तिला कुणी धाव म्हटले नव्हते. पण बहात्तरचा दुष्काळ काढलेल्या बाईला टँकरचा हॉर्न ऐकून बाजेवर बसवत नाही. भरलेली कळशी घेऊन परत येताना अंगणातल्या ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला आणि ती डाव्या कुशीवर पडली.

"माय पडली. पाय उचलंना गेलाय," भाऊ म्हणाला. मग जरा थांबून, "कळशी मात्र सोडली नाही तिनं."

नायगाव हे नांदेडहून देगलूरकडे, पुढे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. १९९९ मध्ये तालुका झाला. त्याआधी आम्ही बिलोलीत मोडत होतो. नांदेडला जीपने जायला सव्वा तास पुरतो. हा सव्वा तासाचा रस्ता कापायला मायला सहा दिवस लागले. मला आज लिहायचे आहे ते या सहा दिवसांविषयी आणि ऑपरेशननंतरच्या दहा महिन्यांविषयी. मधले ऑपरेशनही सव्वा तासाचेच होते. आपण सगळे त्याच सव्वा तासाची काळजी करतो, देव पाण्यात ठेवतो तेही तेवढ्यापुरतेच.

पहिल्या दिवशी 'मुका मार असेल' म्हणून विटेचा शेक दिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खेड्यातला हाडवैद्य आला. त्याची टवाळी मी करणार नाही. लहानपणी झाडावरून पडून मनगट मोडले तेव्हा त्याच्याच बापाने बांबूच्या कामट्या बांधून ते बसवले होते, आणि त्याच हाताने मी पस्तीस वर्षे बँकेत सह्या केल्या. पण मनगटाला बाहेरून आधार देता येतो. खुबा खोल, जाड मांसाखाली असतो, तिथे बाहेरून बांधलेली पट्टी कशालाच धरत नाही. त्याने पाय ओढला, माय किंचाळली, लेप लागला, पट्टी बसली. "पंधरा दिवस हलवू नका," असे सांगून तो गेला. आणि आम्ही तिला खरोखरच हलवले नाही. एवढे आज्ञाधारक आम्ही त्याआधी कधी नव्हतो.

मी दुसऱ्या दिवशी का गेलो नाही, असे वाचक विचारतील. मार्चअखेर नुकती झाली होती, ऑडिट चालू होते. हे कारण तेव्हा मला पुरेसे वाटले. सहाव्या दिवशी गेलो. मायचा डावा पाय उजव्याहून दीड-दोन इंच आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला लोळले होते. वैद्यकीची चार अक्षरे शिकलेल्या कुणालाही नुसत्या त्या पावलावरून निदान करता आले असते, असे पुढे मला डॉक्टरांनी सांगितले. पाय आखूड आणि पाऊल बाहेर: खुबा मोडला.

नांदेडला फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, चिडचिडे नव्हते. त्यांनी फिल्म उजेडावर धरून मला समजावून सांगितले, ते माझ्या भाषेत देतो. मांडीचे हाड वर जाऊन आत वळते आणि त्याच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो. तो कमरेच्या वाटीत फिरतो. गोळा आणि हाड यांना जोडणारा जो आखूड दांडा, ती खुब्याची मान. गोळ्याला रक्त मिळते ते बहुतेक या मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान तुटून सरकली की त्याही तुटतात आणि देठ मोडलेल्या फळासारखा गोळा आतल्या आत सुकतो. तो जुळेल याची खात्री नाही, जुळला तरी जगेल याची नाही. १९३५ मध्ये केलॉग स्पीड नावाच्या अमेरिकन सर्जनने याला 'न सुटलेले फ्रॅक्चर' असे नाव दिले होते. ते पुरते सुटले आहे असे आजही म्हणता येत नाही. तरुण माणसात स्क्रू घालून गोळा वाचवायची धडपड करतात. म्हाताऱ्या माणसात तो काढून टाकतात आणि धातूचा बसवतात.

मोड मानेच्या खाली असेल तर प्रकरण वेगळे. तिथे रक्त भरपूर, हाड जुळते. पण आधार नसेल तर वेडेवाकडे, आखूड जुळते आणि माणूस जन्मभर लंगडतो. म्हणून प्लेट आणि जाड स्क्रू, किंवा हाडाच्या पोकळीत सळई. आपल्याकडे सरसकट 'रॉड टाकला' म्हणतात तो हा. त्यातही वयाने हाड भुसभुशीत झालेले असेल तर स्क्रू हळूहळू वर सरकतो आणि गोळा फोडून बाहेर येतो. भिजलेल्या भिंतीत ठोकलेला खिळा जसा.

मायची मान तुटली होती. "अर्धा सांधा बदलू," डॉक्टर म्हणाले. "गोळा नवा, वाटी तिचीच." मग त्यांनी तिला कुशीवर वळवले आणि गप्प झाले. माकडहाडावर तळहाताएवढी जागा काळीनिळी पडून मधोमध फुटली होती. सहा दिवस पाठीवर निजल्याचे हे व्याज.

ऑपरेशन लगेच होईना. लघवीत जंतू, रक्तात मीठ कमी, हृदयाचा फोटो हवा, भूलतज्ज्ञ म्हणतात दोन दिवस थांबा. पडल्यापासून नवव्या दिवशी ऑपरेशन झाले. इंग्लंडमध्ये हेच ३६ तासांच्या आत व्हावे असा दंडक आहे. सगळ्यांना सहा तासांतच घेतले तर जास्त माणसे वाचतात का, हे १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांनी मिळून २,९७० रुग्णांवर तपासले; २०२० मध्ये त्याचा निष्कर्ष आला. मृत्यू तेवढेच राहिले, पण लवकर घेतलेले रुग्ण लवकर उभे राहिले आणि त्यांना भ्रम कमी झाला. म्हणजे सहा तास की चोवीस, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. नऊ दिवसांच्या बाजूने बोलणारा मात्र जगात कुणी नाही.

भ्रमाचे सांगतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री माय उठून बसली आणि सलाईन उपटून म्हणाली, "रझाकार आलेत. कणगी लिंपून टाका." अठ्ठेचाळीस साली ती बारा वर्षांची होती. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या त्या महिन्यांत त्यांच्या गावातली माणसे रातोरात गाड्या जुंपून हद्दीबाहेर निघाली होती. ते ती आम्हाला कधीच नीट सांगत नसे. आता सगळे सांगू लागली, वॉर्डातल्या वीस माणसांसमोर, मोठ्याने. मला ती ओळखेना. मावशीला गाडीत घाला, तिचे दिवस भरलेत, असे मला बजावत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने माझ्या हातात लिंबू दिले, 'बाहेरचं दिसतंय, उतरून टाका' म्हणाली. वॉर्डबॉयने मायचे हात बँडेजपट्टीने खाटेला बांधले.

पहाटे एक वयस्क नर्स आली. तिने पट्ट्या सोडल्या, मायचा हात हातात घेतला आणि मला विचारले, "यांचा चष्मा कुठंय?" ऑपरेशनला नेताना काढून दिलेला चष्मा तीन दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होता. तीन दिवस ती बाई अनोळखी उजेडात, न दिसणाऱ्या माणसांमध्ये, वेदनेत पडून होती आणि आम्ही तिला भूत लागले म्हणत होतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत दर तीन-चार जणांत एकाला असा भ्रम होतो. वेदना, जंतू, औषधे, झोपमोड, रक्तातले मीठ ही त्याची कारणे. चष्मा, कानाचे यंत्र, ओळखीचा चेहरा, दिवसा उजेड आणि रात्री अंधार हे त्याचे निम्मे औषध. ते कुठल्याच मेडिकल दुकानात मिळत नाही, म्हणून चिठ्ठीवर कुणी लिहीत नसावे.

दुसरी चूक आमची एकट्याची. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले होते: उभे करा. भाऊ म्हणाला, टाके तुटतील. वहिनी म्हणाल्या, अंगात ताकद येऊ द्या. मी म्हणालो, उद्या बघू. धातूचा गोळा पहिल्या दिवसापासून अंगाचा भार पेलतो. त्याला जुळायला वेळ लागत नाही, तो बसवायचे कारणच ते. पण ज्या माणसाचे काही मोडले आहे त्याने निजून राहावे, हे आपल्या रक्तात इतके मुरलेले आहे की डॉक्टर बोलतो ते कानावर पडते आणि तिथेच राहते. माय आठव्या दिवशी उभी राहिली. तोवर मांडीचे मांस पार गेले होते. निजून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यातली एखादी फुप्फुसात जाऊन अडकली तर मिनिटांत खेळ संपतो, छातीत कफ साठतो, पाठ सडते. पूर्वी पायाला विटा लटकवून तीन-तीन महिने निजवत तेव्हा माणसे अशीच जात. 'वय झालं होतं' म्हणून आपण त्यांना पोचवून येत असू.

डिस्चार्जच्या कागदावर तीन सूचना होत्या. उकिडवे बसू नये. मांडी घालू नये. जमिनीवर बसू नये. ऐंशी वर्षे चुलीपुढे, उखळापुढे, देवापुढे, पंगतीत आणि परसात जिने जमिनीशीच सगळे व्यवहार केले तिला हे सांगायचे. आम्ही कमोडची खुर्ची आणली. तिने तिच्यावर घडी केलेली लुगडी ठेवायला सुरुवात केली.

नागपंचमी आली. तवा ठेवायचा नाही, चिरायचे नाही, उकडीची दिंडे करायची. वहिनी वारुळाला गेल्या होत्या. घरात कुणी नाहीसे बघून माय वॉकर भिंतीला टेकवून पाटावर बसली आणि पुरण वाटू लागली. उठताना खुबा निखळला. मला अजून वाटते, ते तिचे ऑपरेशननंतरचे सर्वांत सुखाचे अर्धा-पाऊण तास असतील. पुन्हा नांदेड, पुन्हा भूल, गोळा ओढून जागेवर बसवला. या खेपेला आम्ही त्याच दिवशी गेलो, इतपत शहाणे झालो होतो. पण तिथून ती घाबरली. पुन्हा बाजेवरून उतरेना. माघात छाती भरली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ती गेली. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू असे आहे. तेही खरेच, ती सगळ्यांचीच बंद पडते.

दिवस झाल्यावर मी त्या तरुण डॉक्टरांना भेटायला गेलो. तक्रार नव्हती, त्यांनी त्यांचे काम नीट केले होते. फक्त सांगावेसे वाटले. ऐकून ते खरेच हळहळले. मग मी विचारले, तुमच्याकडे अशी वर्षाला किती माणसे येतात? त्यांनी आकडा सांगितला. त्यांतली वर्षभराने किती चालतात? ते थोडे थांबले. "सर, टाके काढायला येतात तेवढे मला दिसतात. फार तर सहा आठवड्यांनी फोटोला येतात. जे येत नाहीत ते बरे झाले असे मी धरून चालतो."

मी हसलो असेन, कारण ते जरा वरमले. पण हसू मला बँकेचे आले. आमच्याकडे उलट होते. जो येत नाही, तोच थकबाकीदार. हप्ता नव्वद दिवस आला नाही की खाते अनुत्पादक म्हणून लाल शेऱ्यात जाते, वरचे कार्यालय पत्रावर पत्र धाडते, माणूस मोटारसायकल काढून वस्तीवर जातो. कर्ज वाटले त्या दिवशी कुणी शाखेला शाबासकी देत नाही. ते परत आले की नाही यावर शाखेची प्रत बघतात. आणि इकडे खुबा बदलला त्याच दिवशी तो यशस्वी. माझी माय त्या रुग्णालयाच्या नोंदीत आजही एक यशस्वी शस्त्रक्रिया असणार. जगभरचा अनुभव असा आहे की म्हातारपणी खुबा मोडलेल्या माणसांपैकी पाचांतले एक, कुठे चारांतले एक, वर्षाच्या आत जाते. उरलेल्यांतली निम्मी पूर्वीसारखी चालत नाहीत. आपल्या तालुक्याचा आकडा काय? तो कुणी लिहूनच ठेवलेला नाही.

हिशेब ठेवणारी माणसे या धंद्यात झालीच नाहीत असे नाही. आजचा पूर्ण कृत्रिम खुबा ज्याने जगाला दिला तो जॉन चार्नली हा इंग्लिश सर्जन तर हिशेबाचा अर्कच होता. इंग्लंडातल्या रायटिंग्टन या आडगावी, पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात त्याने काम मांडले. आधी त्याने वाटी टेफ्लॉनची केली, कारण ते गुळगुळीत. सुमारे तीनशे माणसांना ती बसवली. रुग्ण आनंदाने चालू लागले आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून, त्या चुऱ्याने आसपासचे हाड खाल्ले जाऊन, एकामागून एक परत आले. चार्नलीने ते सांधे स्वतः पुन्हा उघडले. शरीर या पदार्थाला कसे वागवते हे बघायला त्याने टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून घेतला. पुढे लँकशरच्या मागांसाठी प्लॅस्टिकची चाके विकणारा एक विक्रेता वेगळ्याच प्लॅस्टिकचा नमुना घेऊन आला, ते पॉलिथिन. चार्नलीने ते नखाने दाबून बाजूला टाकले होते. त्याच्या मदतनीस कारागिराने गुपचूप यंत्रावर घासून पाहिले तर ते झिजेना. नोव्हेंबर १९६२ पासून ते बसवायला सुरुवात झाली. आणि या वेळी चार्नलीने रुग्णांना सांगून ठेवले की मेल्यावर सांधा मला तपासायला परत द्या. माणसांनी तशी संमती दिली, घरच्यांनी शब्द पाळला. त्या जातीच्या सांध्यांपैकी पाचांतले चार पंचवीस वर्षांनीही टिकून होते, हे आपल्याला माहीत आहे ते अशा नोंदींमुळे.

इथे एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर वाचून कुणी ठरलेले ऑपरेशन रद्द करायचा. संधिवाताने खुबा झिजला म्हणून, तब्येत तपासून, दिवस ठरवून केलेला सांधेबदल हा आधुनिक वैद्यकातल्या सर्वांत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक आहे. जंतुसंसर्ग, निखळणे, पाय कमीजास्त होणे हे धोके त्यातही असतात, पण थोड्यांच्या वाट्याला येतात. पडून मोडलेल्या खुब्याचे गणित वेगळे, कारण तिथे मोडलेले हाड हे बहुधा एकूणच थकलेल्या शरीराने दिलेले पहिले पत्र असते.

स्वीडनने १९७९ पासून देशातल्या प्रत्येक कृत्रिम खुब्याची नोंदवही ठेवली: कुणाला, कुठला, कुणी बसवला, पुन्हा कधी उघडावा लागला. ब्रिटनने २००७ पासून मोडलेल्या खुब्यांची वेगळी वही घातली. कुठल्या रुग्णालयात किती तासांत ऑपरेशन झाले, दुसऱ्या दिवशी उभे केले का, तीस दिवसांत किती गेले, हे त्यात येते. २०१० पासून नियम पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे देऊ लागले. २००७ मध्ये तीस दिवसांत शेकडा अकराच्या जवळपास माणसे जात, २०११ पर्यंत ती साडेआठवर आली. त्यासाठी नवे औषध निघाले नव्हते.

वही नसली की काय होते, ते आपल्या राज्याने पाहिले आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा 'एएसआर' नावाचा कृत्रिम खुबा २००६ पासून भारतात येत होता. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. धातूवर धातू घासला की कोबाल्ट आणि क्रोमियम झिजून रक्तात आणि आसपासच्या मांसात उतरते. ऑस्ट्रेलियाची नोंदवही २००७ पासून इशारा देत होती की हा सांधा इतरांपेक्षा लवकर काढावा लागतो आहे. तिथून तो २००९ च्या डिसेंबरात मागे घेतला गेला. ब्रिटनच्या वहीतही पाच वर्षांत शेकडा बारा-तेरा सांधे बदलावे लागल्याचे दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरचा माल परत बोलावला. तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या अंगात तो बसला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत गुन्हा नोंदवला. दिल्लीत केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये. माझी माय गेली तोच महिना. समितीचा अहवाल पुढच्या वर्षी आला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते आणि त्यांतल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता.

तीन हजार सहाशे माणसे. ती काही जंगलात राहणारी नव्हती. परदेशी सांधा परवडणारी, पत्ता असलेली, बहुतेकांचे बँकेत खाते असलेली माणसे. हे वाचले तेव्हा मला आमच्या म्हशी आठवल्या.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत आम्ही गावोगाव म्हशींसाठी कर्ज वाटत असू. म्हशीचा विमा असे आणि कानात नंबराचा बिल्ला ठोकलेला असे. म्हैस मेली तर शेतकऱ्याने बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा, तरच दावा मंजूर. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. मी टेबलावर कागदात बांधलेले कान पाहिलेले आहेत. त्या दिवशी डबा खाववत नसे. त्यात लबाड्याही होत, तो वेगळा लेख आहे. पण नायगाव भागातल्या एखाद्या म्हशीचा नंबर द्या, ती कुणाची, कधी घेतली, कधी मेली, हे खतावणीतून दहा मिनिटांत सांगता येत असे.

प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यावर कंपनीचे नाव, माप आणि तुकडीचा नंबर असतो. एक रुग्णालयाच्या कागदावर डकवायची, एक रुग्णाच्या. मी घरी येऊन मायची फाइल काढली. फोटो, रक्ताचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे तारीखवार लावलेले होते. शेवटी बँकेतला माणूस. चिकटपट्टी नव्हती. बिलात एक ओळ होती: 'इम्प्लांट, १ नग, रु. २२,०००.' कंपनी नाही, नंबर नाही. रुग्णालयात विचारले तर जुने केसपेपर गोदामात गेले होते. तोवर तो नग आम्ही गोदावरीत सोडला होता. तिसऱ्या दिवशी राख सावडताना भावाच्या हाताला लागला, काळवंडलेला, पण गोळा तसाच गुळगुळीत. भाऊ म्हणाला, हे मायचं नाही, वेगळं ठेवू. मग आमचे दोघांचेही मन झाले नाही.

दुसरी गोष्ट आमच्याच गल्लीतल्या एका बाईची. पासष्टीची, शेतमजूर, केशरी रेशनकार्ड. २०१८ च्या पावसाळ्यात बांधावरून घसरून तिचा खुबा मानेच्या खाली मोडला. तोवर आमच्या घरचे बघून गल्ली शहाणी झाली होती; दोन तासांत तिला नांदेडला हलवले. गरिबांसाठीची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये राज्यात ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नांदेड होते. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव दिले. त्या योजनेत तिला सळई बसली, तिसऱ्या दिवशी, पदरचे पैसे फारसे गेले नाहीत. तिच्याजवळ बसायला कुणी नव्हते. मुलगा बाहेरगावी कामाला. संडासला न्यायला कुणी नाही म्हणून ती चौथ्या दिवशी वॉकर धरून एकटीच निघाली. वॉर्डातली बाई ओरडली. आज ती खुरपायला जाते, थोडी लचकते. मी तिला विचारले, भीती नाही वाटली? "वाटली की. पण बसून कोण खाऊ घालूलालंय?"

निवृत्त झाल्यापासून मी नायगावातच राहतो. घरात बँकेची एक जुनी, न वापरलेली खतावणी होती, लाल कापडाच्या पाठीची. तिच्यात मी पाच रकाने आखले: पडल्याची तारीख, ऑपरेशनची तारीख, उभे राहिल्याची तारीख, नगाचा नंबर, वर्षाने काय. पहिली ओळ मायची आहे; चौथ्या रकान्यात 'नाही' असे लिहिले आहे. दुसरी शेतमजूर बाईची. मग हळूहळू आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे सांगू लागली, आणि हल्ली कुणी पडले की आधी माझ्याकडे फोन येतो, जणू मी डॉक्टर आहे. मी एवढेच विचारतो, पाऊल बाहेर लोळलंय का, आणि गाडी सांगितली का. चष्मा बरोबर घ्या म्हणतो. चिकटपट्टी मागून घ्या म्हणतो. मुले ती आता मोबाइलवर फोटो काढून पाठवतात.

त्या तरुण डॉक्टरांचा फोन परवा आला. ते आता तितके तरुण राहिलेले नाहीत. म्हणाले, नायगावकडच्या माझ्या पेशंटांचे तुमच्या वहीत काय आहे, वाचून दाखवाल का? मी वाचत गेलो, ते लिहून घेत होते. शेवटची नोंद नरसीच्या एका म्हाताऱ्याची होती. पडले त्याच दिवशी नेले, तिसऱ्या दिवशी उभे राहिले, नंबर आहे. पाचवा रकाना कोरा आहे. वर्ष कार्तिकात भरते.